सळई लागली की थांबायचं: आरसीसी भिंत आणि ड्रिलचा बिट

पुण्यात नुकताच ताबा मिळालेला एक फ्लॅट. स्वयंपाकघरात वरची कपाटं लावायला सुतारदादा आले होते, पंधरा-वीस वर्षं हेच काम करणारे. त्यांनी ड्रिल मशीनला १० मिलिमीटरचा बिट लावला आणि पहिलं भोक सुरू केलं. इंचभर आत जाईपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग आवाज बदलला. खडखडाटाच्या जागी घंटेवर काहीतरी घासावं तसा नाद यायला लागला आणि भोकातून भुकटी पडायची थांबली. दादांनी सवयीने खांद्याचा जोर लावला. बिट आत अडकला, मशीन हातातच गर्रकन फिरलं आणि त्यांचं मनगट मुरगळलं. बिट बाहेर काढला तेव्हा टोकावरच्या कार्बाईडच्या पात्याचा एक कोपरा उडालेला होता आणि दांडा निळा पडला होता.

घरच्या ताईंनी घाबरून विचारलं, "दादा, भिंतच खराब आहे का हो?"

भिंत अगदी उत्तम होती. पण ती विटेची नव्हती, आरसीसीची, म्हणजे आत पोलादी सळया घातलेल्या काँक्रीटची होती, आणि बिट सळईवर जाऊन बसला होता.

फिक्सिंगची, म्हणजे भिंतीला वस्तू बसवण्याची, कामं करून घेणं हा माझा रोजचा उद्योग आहे. असे प्रसंग आता वरचेवर बघायला मिळतात आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण थोडी माहिती आधी असती तर दादांचं मनगटही वाचलं असतं आणि बिटही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पूर्वी आपल्याकडची इमारत म्हणजे कॉलम, बीम आणि स्लॅब एवढंच आरसीसी असायचं. मधल्या भिंती विटांच्या किंवा ब्लॉकच्या. फोटोफ्रेम, कपाट, गीझर, सगळं विटेत बसायचं; आरसीसीशी गाठ पडायची ती फार तर छताला काही टांगताना. आता पुणे, मुंबई, ठाणे या पट्ट्यातल्या बऱ्याच मोठ्या गृहसंकुलांत मायवान पद्धतीने बांधकाम होतं. अ‍ॅल्युमिनियमचे साचे उभे करून, आत सळयांची जाळी बांधून, भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. मायवान हे मुळात एका कंपनीचं नाव, पण आपल्याकडे ते पद्धतीलाच चिकटलं. अशा घरात जवळजवळ प्रत्येक भिंत आरसीसीची असते. शिवाय साच्यातून निघालेली भिंत इतकी गुळगुळीत असते की तिच्यावर जाड गिलावा लागत नाही, पुट्टीचा हात दिला की झालं. म्हणजे पृष्ठभागापासून सळई आणखी जवळ.

किती भोकांना सळई लागेल याचा साधा हिशोब मांडता येतो. समजा भिंतीत ८ मिमीच्या सळया उभ्या-आडव्या, दर १५० मिमीवर आहेत. तुमचा बिट १० मिमीचा. सळईच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना ९-९ मिमीच्या पट्ट्यात बिटचा मध्य आला की तो सळईला कुठे ना कुठे शिवणार. म्हणजे १५० पैकी १८ मिमी, साधारण १२ टक्के. हे झालं उभ्या सळयांचं. आडव्यांचंही तेवढंच. दोन्ही मिळून जवळपास २२-२३ टक्के. भोक जाळीच्या खोलीपर्यंत जाणारं असेल आणि जागा न बघता पाडलं, तर दर चार-पाच भोकांमागे एकाला लोखंड लागणारच. कपाटांच्या एका रांगेसाठी डझनभर भोकं पाडायची असतील तर दोन-तीनदा सळई भेटेल हे धरूनच कामाला बसावं.

आता बिटकडे वळू. पण त्याआधी बिट आत नेमकं काय करतो ते समजलं पाहिजे, नाहीतर दुकानात गेल्यावर सगळे बिट सारखेच दिसतात.

दगड फोडायचा, लोखंड कापायचं

विहिरीच्या खडकात सुरुंगासाठी हाताने भोक घेताना पाहिलंय का? पहारीवर घाव घालायचा, पहार जराशी फिरवायची, पुन्हा घाव. घावाने खडकाचा चुरा होतो, फिरवल्याने पुढचा घाव नव्या जागी बसतो. चुरा अधूनमधून काढून टाकायचा. काँक्रीटमध्ये शिरणारं आजचं मशीन हेच करतं, फक्त मिनिटाला हजारो वेळा. त्याच्या बिटचं टोक चाकूसारखं धारदार नसतं, छिन्नीसारखं बोथट असतं, कारण त्याला कापायचं नसतंच. काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू आणि खडी. आपल्याकडची खडी बहुतेक काळ्या पाषाणाची, २० मिमीपर्यंतची, भलतीच टणक. पण टणक असली तरी ठिसूळ. ठोका बसला की तिचा टवका उडतो.

सळईचं वागणं याच्या अगदी उलट. पोलादावर ठोका मारला तर ते दबतं, किंचित चेपतं, पण टवका उडत नाही. काँक्रीट ताणाला कमजोर असतं, आणि ताण पडला तरी तुटू नये, ताणत जावं, एवढ्यासाठीच तर सळई त्यात घातलेली असते. तिच्यात भोक पाडायचं तर धारदार पात्याने, हळू फिरवत, तिचा कीस काढावा लागतो. लोखंडासाठी मिळणारा हायस्पीड स्टीलचा बिट हेच करतो. मग तोच का वापरू नये? कारण सळईच्या आजूबाजूला काँक्रीट आहे, आणि त्यातले वाळूचे कण त्या बिटच्या धारेपेक्षा कठीण असतात. सळईपर्यंत पोचायच्या आतच धार मरते.

एकाच भोकात दोन पदार्थ, आणि दोघांना हवी असलेली वागणूक परस्परविरोधी. बिट निवडताना जे काही प्रश्न पडतात ते सगळे इथून सुरू होतात.

विडिया

हार्डवेअरच्या दुकानात 'विडियाचा बिट द्या' म्हटलं की दुकानदाराला लगेच कळतं. १९२० च्या दशकात जर्मनीत टंगस्टन कार्बाईडची भुकटी कोबाल्टमध्ये बांधून एक अतिशय कठीण पदार्थ तयार झाला. क्रुप कंपनीने तो विडिया नावाने बाजारात आणला. 'वी डियामांट', म्हणजे 'हिऱ्यासारखं', या जर्मन शब्दांवरून ते नाव आलं. आज कोणत्याही कंपनीचं कार्बाईड असो, कारागिरांच्या तोंडी ते विडियाच आहे.

बिटचा दांडा पोलादाचा असतो आणि फक्त टोकावर विडियाचं पातं बसवलेलं असतं. विडिया वाळूच्या कणांपेक्षा आणि काळ्या पाषाणापेक्षाही कठीण, म्हणून ते झिजत नाही, निदान लवकर झिजत नाही. पण कठीणपणाची किंमत असते. बाजूने झटका बसला तर ते चिरतं, त्याचा कोपरा उडतो. शिवाय साध्या बिटमध्ये हे पातं दांड्याच्या खाचेत पितळेसारख्या धातूने झाळून बसवलेलं असतं. बिट फार तापला की ते झाळकाम ढिलं पडतं आणि पातंच निखळून भोकात राहतं. सळईवर बिट घासत राहिला की नेमकं हेच होतं: भुकटी निघत नाही, म्हणजे काम होत नाही, म्हणजे मशीनची सगळी ताकद उष्णतेत जाते. निळा पडलेला दांडा ही त्याचीच खूण.

यावरून एक सवय सांगतो, जी पुष्कळ साइटवर दिसते. तापलेला बिट काढून थेट पाण्यात बुडवतात. चर्र आवाज येतो, बिट गार होतो, माणूस खूश. पण एकदम गार झाल्याने विडियाला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात आणि पुढच्या एखाद्या भोकात तो तुटतो. बिट हवेवरच गार होऊ द्यावा. तोवर दुसरा वापरावा.

मशीन कोणतं आहे, ते आधी बघा

उत्तम बिट चुकीच्या मशीनला लावला तर काही उपयोग नाही. घरात असतं ते बहुधा इम्पॅक्ट ड्रिल, तीन जबड्यांचा चक (बिट धरणारा भाग) असलेलं, चावीने आवळायचं. त्याच्या आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि त्यातून ठोके तयार होतात. मिनिटाला चाळीस-पन्नास हजार ठोके पडतात, पण एकेक ठोका अगदी हलका, आणि तुम्ही जितकं दाबाल तितकाच जोर त्यात येतो. विटेला पुरतो. जुन्या आरसीसीत ६ मिमीचं एखादं भोकही होऊन जातं. पण मायवानच्या भिंतीत कपाटांची रांग लावायला हे मशीन घेऊन जाणं म्हणजे माणसाचा खांदा, मशीन आणि बिट, तिघांचेही हाल.

आरसीसीसाठी हवं रोटरी हॅमर. त्यात एक दट्ट्या सिलिंडरमध्ये पुढे-मागे होतो, मधली हवा दाबतो, आणि त्या हवेच्या उशीवरून सुटलेलं वजन बिटच्या बुडावर आदळतं. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण लहान मशीनचा एकेक ठोकासुद्धा दोन-तीन ज्यूलचा असतो. पाव किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडावं, साधारण तेवढा. ही ताकद मशीनची स्वतःची असते, तुमच्या खांद्याची नाही. म्हणून इथे अंगभार टाकायचा नसतो. बिट भिंतीला टेकून राहील एवढाच दाब पुरे. जास्त दाबलं तर ठोक्याची लय बिघडते आणि भोक उलट हळू होतं. नव्या मुलांना हे सांगितलं की आधी पटत नाही. मग त्यांना एक भोक दाबून आणि एक हलक्या हाताने पाडायला लावतो.

रोटरी हॅमरचा बिट गोल दांड्याचा नसतो. त्याच्या बुडाशी खाचा असतात. या पद्धतीला एसडीएस म्हणतात. बॉश कंपनीने ती १९७५ मध्ये आणली. 'घाला, फिरवा, बसला' अशा अर्थाच्या जर्मन शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. चक आवळून धरत नाही, तर बिटला थोडं पुढे-मागे सरकायची मोकळीक देतो, आणि ठोका चकला न बसता थेट बिटला बसतो. १० मिमी जाडीच्या दांड्याला एसडीएस-प्लस म्हणतात, १८ मिमीच्या दांड्याला एसडीएस-मॅक्स. घरगुती कामाला प्लस पुरतो. मॅक्स मोठ्या भोकांसाठी आणि तोडफोडीसाठी. बिट घालण्यापूर्वी बुडाला बोटभर ग्रीस लावावं. मशीन आणि बिट दोन्ही जास्त टिकतात. गोल दांड्याचे बिट लावायला अ‍ॅडॅप्टर मिळतो, पण तो लावून हॅमर चालू करू नये. तीन जबड्यांचा चक तो मार सहन करायला बनवलेलाच नाही.

दोन धारा की चार धारा

आता मुख्य निवड. एसडीएस बिट समोरून, टोकाकडून पाहा. स्वस्त बिटवर एकच सरळ पातं दिसेल, उतरत्या छपरासारखं, म्हणजे दोन धारा. महाग बिटवर अधिक चिन्हासारखं डोकं दिसेल, चार धारांचं. त्यातही चांगल्या बिटमध्ये पातं खाचेत झाळलेलं नसतं; डोकंच्या डोकं अखंड कार्बाईडचं असून दांड्यावर जोडलेलं असतं.

फरक सळईपाशी कळतो. बिट सळईच्या बरोबर मध्यावर क्वचितच लागतो. बहुतेक वेळा तो तिच्या कडेला शिवतो, म्हणजे भोकाच्या एका बाजूला पोलाद आणि दुसऱ्या बाजूला काँक्रीट. काँक्रीटची बाजू फुटून खोल जाते, पोलादाची तशीच राहते, आणि आत एक पायरी तयार होते. दोन धारांच्या बिटचं पातं फिरत येतं, त्या पायरीच्या खाली घसरतं आणि पुढच्या फेरीत तिच्यावर आडवं आदळतं. तो झटका मनगटाला बसतो आणि पात्याचा कोपराही तिथेच उडतो. चार धारांच्या बिटला दर पाव फेरीला आधार मिळतो, त्यामुळे तो पायरीत पडायच्या आत पुढची धार टेकलेली असते. तो सळईच्या कडेवरून घासत, थोडी रेघ ओढत, पुढे निघून जातो. शिवाय भोक जास्त गोल येतं. दोन धारांच्या बिटचं भोक बरेचदा तिकोनी गोलाई घेतं आणि त्यात स्क्रूसाठी घालायचा प्लग नीट धरत नाही.

पण एक गैरसमज दूर व्हायला हवा. चार धारांच्या बिटच्या वेष्टनावर बरेचदा लिहिलेलं असतं की तो सळईलाही चालतो. याचा अर्थ तो सळई सहन करतो. बरोबर मध्यावर लागलेली १२ मिमीची सळई तो कापणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. मी तो एवढ्यासाठीच घ्यायला सांगतो की सळईला शिवल्यावर तो तुटत नाही, आणि तुम्हाला थांबायला वेळ मिळतो.

दोन धारांचे बिट टाकाऊ आहेत असं मात्र नाही. विटा, ब्लॉक, साधं पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), जिथे सळई नाही तिथे ते छान चालतात. पण मायवानच्या घरात काम असेल तर ६, ८, १० आणि १२ मिमीचे चार धारांचे बिट घेऊन ठेवावेत.

आणखी एक खूण बघायला शिका. काही चांगल्या बिटांच्या दांड्यावर पीजीएम असा शिक्का असतो. अँकरच्या, म्हणजे भिंतीत घट्ट रोवायच्या बोल्टच्या, भोकाला लागणारी अचूकता बिट पाळतो, असं जर्मनीतल्या एका परीक्षण संघाने तपासल्याची ती खूण. ८ मिमीच्या नव्या बिटचं टोक प्रत्यक्षात नेमकं ८ मिमी नसतं, ते ८.४५ मिमीपर्यंत असू शकतं, प्लग आत सरकावा म्हणून. बिट झिजत झिजत खाली आला की भोक अरुंद होतं, प्लग हातोडीने ठोकावा लागतो, तो अर्ध्यातच दुमडतो. आपण प्लगला शिव्या देतो, दोष बिटचा असतो. टोकाचा व्यास दांड्यावरच्या पिळाइतकाच दिसायला लागला की तो बिट आरसीसीतून निवृत्त करावा.

सळई आहे की खडी?

बिट अडला म्हणजे सळईच, असं धरून भोक सोडून देणारेही मी पाहिलेत. काळ्या पाषाणाचा मोठा खडा मध्ये आला तरी वेग पडतो. फरक ओळखायला तीन गोष्टी पुरतात, आणि त्यातली सर्वांत भरवशाची भुकटी. खड्यात भुकटी कमी येते पण येत राहते, आणि तिचा रंग राखाडीवरून गडद होतो. सळईवर ती थांबते. बोटावर घेऊन उन्हात धरली तर चकचकीत कण दिसतात. आवाज खड्यात मंद पण भरीव राहतो, सळईवर वाजतो. आणि मशीन खड्यात फक्त हळू होतं, सळईवर हाताला हिसके देतं. शंका असेल तर मशीन बंद करून, भुकटी फुंकून, मोबाईलचा टॉर्च भोकात मारावा. सळई असेल तर तळाशी घासलेलं लोखंड चमकताना दिसतं.

हॅमरचा ठोका चालू ठेवून पाच-सात सेकंदांत भोक अजिबात पुढे सरकलं नाही, की ट्रिगर सोडायचा. एवढी एकच सवय हाताला लावून घेतली तरी निम्मे बिट आणि सगळी मनगटं वाचतील.

सळया कुठे असतात

आधीच चुकवता आलं तर सर्वांत बरं. भिंतीतलं लोखंड शोधणारा वॉल स्कॅनर आता भाड्यानेही मिळतो. तो भिंतीवर एकदा आडवा आणि एकदा उभा फिरवून पेन्सिलने रेघा मारल्या की जाळीचा नकाशाच समोर येतो. पण स्कॅनर नसला तरी अंदाज बांधता येतो, कारण सळया कुठेही टाकलेल्या नसतात.

सळईवर काँक्रीटचं किती आवरण हवं ते आयएस ४५६:२००० या भारतीय मानकात दिलंय. सौम्य परिस्थितीत २० मिमी, मध्यम परिस्थितीत ३०, आणि समुद्रकिनाऱ्याच्या हवेला उघड्या असलेल्या बांधकामासाठी ४५. कॉलमला सहसा किमान ४०. आता ४० मिमी लांबीच्या साध्या नायलॉनच्या प्लगसाठी भोक पाडायचं ५० मिमी. म्हणजे घरातल्या भिंतीत तुम्ही आवरण ओलांडून सळयांच्या पातळीत शिरताच.

बीममध्ये मुख्य सळया बहुतांशी तळाशी, आणि आधारांपाशी वरच्या बाजूला. त्यांना वेढून दर १००-२०० मिमीवर रिंगा. म्हणून बीमला काही अडकवायचं तर तळातून वर भोक पाडू नये. बाजूने, उंचीच्या मधल्या भागात पाडावं, तिथे फक्त रिंग चुकवायची असते. कॉलमच्या कोपऱ्यांत मुख्य सळया हमखास असतात, तेव्हा कोपरा सोडायचाच. स्लॅबमध्ये मुख्य सळया खालच्या बाजूला, म्हणजे फॉल्स सीलिंग टांगताना तुम्ही त्यांच्याच दिशेने जात असता. उथळ फास्नर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) वापरावेत.

आणि बाल्कनी. इथे मला जरा थांबायचंय, कारण याबद्दल मनापासून काळजी वाटते. एका बाजूने बाहेर झुलणाऱ्या बाल्कनीचं वजन तिला खाली वाकवू पाहतं, त्यामुळे ताण वरच्या पृष्ठभागावर पडतो, आणि म्हणून मुख्य सळया वरच्या बाजूला असतात, लादीच्या खाली लगेच. ग्रिलचे किंवा काचेच्या रेलिंगचे खांब बसवायला लोक नेमकी वरून भोकं पाडतात. एकेका खांबाच्या पट्टीला चार भोकं, आणि सळई लागली तरी 'जाऊ दे, कापून टाक' म्हणतात. भिंतीतली ८ मिमीची एक सळई दुखावणं आणि झुलत्या बाल्कनीची मुख्य सळई कापणं यात फार मोठं अंतर आहे. बाल्कनीच्या रेलिंगचं काम स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नका. पोस्ट-टेन्शन स्लॅब असलेल्या ऑफिसांत आणि मॉलमध्ये तर स्कॅन आणि इंजिनिअरची परवानगी याशिवाय बिट टेकवूही नये. तिथल्या केबल प्रचंड ताणात असतात.

सळईइतकंच विजेच्या पाइपाचंही भान ठेवा. मायवानच्या भिंतीत पीव्हीसीचे पाइप ओतकामाच्या आधीच घातलेले असतात. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली सहसा पाइप गेलेला असतो, तो पट्टा सोडायचा. बिल्डरकडून इलेक्ट्रिकलचा नकाशा मागून घ्या. ताबा घेताना मागितला तर बहुधा मिळतो, पाच वर्षांनी मागितला तर शोधाशोध होते.

लागलीच, तर

जागा बदला. सळई उभी लागली की आडवी हे भोकातून कळत नाही, म्हणून तिरकं सरकावं: इंचभर बाजूला आणि इंचभर वर. हलक्या वजनाला एवढं पुरतं. गीझर, जड कपाट, रेलिंग अशा भाराच्या फास्नरसाठी नियम कडक आहे. सोडलेल्या भोकापासून त्याच्या खोलीच्या दुप्पट अंतरावर नवं भोक घ्यायचं, किंवा जुनं भोक मजबूत मसाल्याने भरून मगच जवळ घ्यायचं. नाहीतर दोन भोकांमधलं काँक्रीट फास्नर फुगल्यावर फुटतं.

जागा बदलताच येत नसेल, पट्टीची भोकं ठरलेली असतील, तर रीबार कटर नावाचा वेगळा बिट मिळतो. त्याचं डोकं कापण्यासाठी घडवलेलं असतं. हॅमर बंद करून, फक्त फिरवत, हळू वेगाने चालवायचा. सळई पार झाली की तो काढून पुन्हा हॅमरचा बिट लावायचा. हॅमर चालू ठेवून हा कटर वापरला तर पहिल्या मिनिटात त्याचे दात जातात. आणि ती सळई कापायची की नाही हा निर्णय सुताराचा, प्लंबरचा, घरमालकाचा किंवा माझा नसतो. तो इंजिनिअरचा असतो. एसीच्या पाइपासाठी लागतात तशा मोठ्या भोकांना हिऱ्याचे कण बसवलेला कोअर बिट वापरतात, पाणी सोडत. तो खडी आणि सळई दोन्ही सारख्याच शांतपणे कापत जातो, आणि तेवढ्यामुळेच तो धोक्याचा: काय कापलं गेलं हे कोअर बाहेर येईपर्यंत कळत नाही. तिथे स्कॅन आधी हवाच.

हाताची पद्धत

फारसं अवघड काही नाही. टाइल्स असतील तर हॅमर बंद ठेवून टाइल पार करा. सुरुवात कमी वेगाने, बिट भिंतीला काटकोनात. खोलीची खूण म्हणून बिटला चिकटपट्टी गुंडाळा, प्लगच्या लांबीहून १० मिमी जास्त. दर दोन-तीन सेंटिमीटरला बिट फिरता ठेवूनच मागे ओढा म्हणजे भुकटी बाहेर येते. अडकलेली भुकटी हे बिट तापण्याचं दुसरं मोठं कारण. बाजूचं हँडल लावल्याशिवाय रोटरी हॅमर हातात घेऊ नका. अडकल्यावर क्लच सुटतो हे खरं, पण सुटण्यापूर्वीचा हिसका हाताला बसलेला असतो.

भोक झाल्यावर फुंकर मारून भागत नाही. रसायन भरून बसवायच्या अँकरला तर ब्रश आणि हवा, दोन्ही आलटून पालटून हवंच, डब्यावर लिहिलंय तितक्या वेळा. रसायन काँक्रीटला चिकटायच्या ऐवजी भुकटीला चिकटलं तर अख्खा अँकर हाताने उपसून येतो.

आणि ती भुकटी श्वासात जाऊ देऊ नका. काँक्रीटच्या धुळीत सिलिकाचे इतके बारीक कण असू शकतात की ते फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. घरमालकाची चार भोकं असतात, पण त्या कारागिराची दिवसाला शंभर. रुमाल पुरत नाही, एन९५ मास्क लागतो. भोकाखाली व्हॅक्यूमची नळी धरायला एक माणूस उभा करा. छतात भोक पाडताना चष्माही हवा.

त्या दिवशी पुण्यातल्या त्या स्वयंपाकघरात आम्ही काम थांबवलं. दादांच्या मनगटाला बर्फ लावला. दुसऱ्या दिवशी स्कॅनर आणि चार धारांचे बिट घेऊन गेलो आणि भिंतीवर रेघा मारल्या. उभ्या सळया साधारण दर दोनशे मिमीवर निघाल्या. प्रत्येक कपाटाला स्वतंत्र भोकं पाडण्याऐवजी लांबट खाचा असलेली लोखंडी पट्टी भिंतीला लावायची आणि तिच्यावर कपाटं टांगायची असं ठरलं, म्हणजे प्रत्येक भोक सळई चुकवून मागे-पुढे घेता येईल. चौदा भोकांपैकी एकच सळईला शिवलं. दादांनीच आवाज ओळखला आणि ट्रिगर सोडला. आदल्या दिवशीचं फसलेलं भोक त्यांनी ब्रशने साफ केलं, न आकसणारा ग्राउट (सिमेंटचा मसाला) सळीने ठासून भरला, आणि वर पुट्टी ओढून भिंतीला सपाट केली.